बुडवणाऱ्यानं लिहिलेली आरती

तुकोबांची आरती महाराष्ट्रात असंख्य लोकांना पाठ आहे. कीर्तन संपलं, बुक्का लागला, की टाळांच्या गजरात ती होते. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं: रामेश्वर. टाळ वाजवणारे हात त्या नावाशी अडखळत नाहीत. हा रामेश्वर म्हणजे वाघोलीचे रामेश्वरभट्ट. त्यांच्याच सांगण्यावरून तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, अशी परंपरेची आठवण आहे. ज्यानं वह्या बुडवायला लावल्या त्याचीच आरती आपण इतकी वर्षं त्या वह्यांच्या धन्यासाठी म्हणतो आहोत.

पुढची पानं मात्र एका अमेरिकन कादंबरीविषयी आहेत. रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ १९५३ साली आली. तिचा नायक गाय मोंटाग हा पुस्तकं जाळण्याचा पगार घेणारा माणूस. शेवटी तोच पुस्तक जपणारा होतो. असल्या कादंबरीवरच्या प्रस्तावनेची सुरुवात वाघोलीहून का? वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, एवढं कारण पुरणार नाही. मला मोंटागचा मराठी नातलग हवा होता, आणि ज्याला विचारावं तो बंदी सोसणाऱ्यांची नावं सांगत होता. तेंडुलकर, दुर्गाबाई भागवत, ‘सखाराम बाइंडर’साठी कोर्टाच्या पायऱ्या चढणारे कमलाकर सारंग. सोसणाऱ्यांची यादी आपल्याकडे तयार असते आणि तिचा अभिमानही असतो. मोंटाग त्या यादीत बसत नाही. त्याची गोष्ट पलीकडच्या बाजूला सुरू होते, काडेपेटी ज्याच्या हातात आहे तिथं.

या पुस्तकातले लेख एका वाचनगटातून आले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही आठ-दहा जण सदाशिव पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर जमायचो. कादंबरी छोटी. दोन बैठकांत उरकेल असं वाटलं होतं, सात महिने लागले. चहा किती वेळा झाला ते घरमालकीणबाईंनाच ठाऊक. वाद फिरून फिरून एकाच जागी यायचा: मोंटाग नेमका केव्हा बदलतो, आणि कशानं?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं होतं. पुस्तकं वाचून. पुण्यात ही श्रद्धा फार जुनी आहे. १८४८ सालापासून या शहरात नगर वाचन मंदिर आहे, न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून वसंत व्याख्यानमाला आहे, आणि वाचणारा माणूस न वाचणाऱ्यापेक्षा थोडा बरा असतो हे इथं गृहीतच धरतात. मीही त्याच श्रद्धेत वाढलो. पण कादंबरी पुन्हा पुन्हा वाचताना ध्यानात आलं की ती या श्रद्धेला पाठबळ देत नाही. उलट बरीचशी अडचणीत आणते.

पहिल्या पानावर मोंटाग खूश आहे. रॉकेलचा वास त्याला अत्तरासारखा वाटतो. चेहऱ्यावर एक हसू चिकटलेलं आहे. झोपेतही ते जात नाही. शिरस्त्राणावर ४५१ हा आकडा, कागद पेट घेतो ते तापमान म्हणून. आपल्या मापात सांगायचं तर साधारण २३३ अंश सेल्सिअस. त्या काळात घरं आगरोधक झाली आहेत, तेव्हा अग्निशमन दलाला विझवायचं काही उरलेलं नाही. म्हणून त्यांना उलटं काम दिलं आहे: ज्याच्या घरी पुस्तकं सापडतील त्याचं घर पेटवायचं. मोंटागचे वडील याच नोकरीत होते, आजोबाही. आपल्याकडे याला वतन म्हटलं असतं. वतनदार माणूस आपल्या वतनाला प्रश्न विचारत नसतो.

(मोंटाग म्हणजे जर्मनमध्ये सोमवार. वारांच्या नावांच्या पेठांत राहणाऱ्यांना त्याचं काय कौतुक! शिवाय मोंटाग हे एका कागद कंपनीचं नाव आणि फेबर हे पेन्सिली करणाऱ्यांचं. कादंबरीत फेबर नावाचा म्हातारा प्राध्यापकही आहे. हे आपल्याला फार उशिरा उमगलं, असं ब्रॅडबरींनीच नंतर सांगितलं.)

मोंटागला पहिला धक्का देते ती शेजारची क्लॅरिस नावाची सतरा वर्षांची मुलगी. रस्त्यात भेटते, पावसाविषयी बोलते आणि तू सुखी आहेस का, असं विचारून निघून जाते. स्पष्ट सांगायचं तर क्लॅरिस मला फारशी पटत नाही. ती लेखकाला जरा जास्तच उपयोगी पडते. काम झाल्यावर तिला गाडीखाली घालून कथेबाहेर काढलं जातं. मुलगी कमी आणि निमित्त जास्त. त्याच रात्री घरी जे घडतं ते मात्र अंगावर येतं. बायको मिल्ड्रेडनं झोपेच्या गोळ्यांची अख्खी बाटली संपवलेली असते. डॉक्टर येत नाही. दोन कामगार यंत्र घेऊन येतात, तुंबलेली मोरी उपसावी तसं तिचं पोट उपसतात, रक्त बदलतात आणि पुढच्या घरी जातात. असल्या नऊ-दहा रोग्यांचं बोलावणं रोजचंच. सकाळी मिल्ड्रेडला काही आठवत नाही, तिला नुसती भूक लागलेली असते.

मग ती म्हातारी येते. माझ्या मते कादंबरी इथं उभी आहे.

एरवी पुस्तकं जाळताना घर रिकामं असे. पोलीस आधी येऊन माणसाला घेऊन जात, म्हणजे उरत त्या नुसत्या वस्तू. वस्तू ओरडत नाहीत. त्या दिवशी बाई घरातच असते. पुस्तकांवर रॉकेल ओतून झालेलं, कॅप्टन बीटी आकडे मोजतो आहे, आणि ती दारात उभी. चला म्हटलं तर येत नाही. तिच्या मुठीत एक साधी काडी आहे. हे लोक घर पेटवणार तेवढ्यात ती स्वतःच ती काडी ओढते.

याच गडबडीत माळ्यावरून पुस्तकं कोसळत असताना मोंटागचा हात एक पुस्तक उचलतो आणि काखेत दडवतो. ब्रॅडबरी हे विलक्षण लिहितात. जणू हाताला स्वतंत्र बुद्धी आहे आणि मोंटाग नुसता बघतो आहे. आपल्याकडे हात शिवशिवतो, हाताला वळण असतं, हात धजत नाही. मराठीला हे नवं नाही. दहा वर्षं जाळायचं वळण असलेला हात एका क्षणात वळण सोडतो, आणि डोक्याला ते मागाहून कळतं. दुसऱ्या दिवशी मोंटाग कामावर जात नाही. अंगात कणकण आहे, आणि काल अत्तर वाटणाऱ्या रॉकेलच्या वासानं त्याला उलटी होते.

इथवर त्यानं एक पानही वाचलेलं नाही. सात महिन्यांच्या वादात मी एवढाच मुद्दा लावून धरला आणि या प्रस्तावनेतही तोच मांडतो आहे. मोंटाग बदलतो ते पुस्तकामुळं नव्हे. पुस्तक सोडून जायला नकार देणाऱ्या माणसामुळं. त्या कागदांमागं कोणीतरी होतं, आहे, हे त्याला पहिल्यांदा दिसतं. वाचन नंतर येतं, आणि तेही धड येत नाही. भुयारी गाडीत तो बायबल पाठ करू बघतो तर डब्यात दंतमंजनाची जाहिरात गर्जत असते आणि शब्द चाळणीतल्या वाळूसारखे गळून जातात. त्याला कळतं फार थोडं. कादंबरीत खरा बहुश्रुत आहे तो कॅप्टन बीटी. त्यानं सगळं वाचलं आहे, तो अवतरणांचा पाऊस पाडतो, एका विद्वानाला दुसऱ्यानं खोडून काढतो. आणि तोच जाळण्याचा सेनापती आहे. वाचून माणूस सुधारत असता तर बीटी कधीच सुधारला असता.

रामेश्वरभट्टही अडाणी नव्हते. शास्त्री होते, वाघोलीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. महिपतींनी अठराव्या शतकात संतचरित्रं लिहिताना ही कथा सांगितली आहे. शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघतो हे रामेश्वरभट्टांना सोसेना. त्यांनी तुकोबांना अभंग करायला मनाई केली. आधी लिहिले त्यांचं काय करू, असं तुकोबांनी विचारलं, तर नदीत बुडव म्हणाले. तुकोबांनी वह्यांना दगड बांधले आणि त्या इंद्रायणीत सोडल्या. मग देवाच्या दाराशी अन्नपाणी वर्ज्य करून बसून राहिले. तेरा दिवस. तेराव्या दिवशी वह्या वर आल्या, कोरड्या.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. रामेश्वरभट्ट पुण्याला नागनाथाच्या दर्शनाला निघाले होते. वाटेत अनगडशहा नावाच्या फकिराच्या बागेतल्या पाण्यात त्यांनी स्नान केलं आणि फकिराचा शाप बसून त्यांच्या सर्वांगाचा दाह होऊ लागला. ओलं वस्त्र गुंडाळून ते आळंदीला गेले, ज्ञानेश्वरांच्या समाधीपाशी अनुष्ठानाला बसले. दृष्टांत झाला: तुकोबांना शरण जा. त्यांनी शिष्याबरोबर चिठ्ठी पाठवली, उत्तरादाखल तुकोबांचा अभंग आला, तो वाचला आणि आग शमली. त्यानंतर वाघोलीचा शास्त्री देहूच्या वाण्याच्या पायाशी बसला तो कायमचा. आषाढी वारीसाठी तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिल्यांदा थांबते ती अनगडशहाबाबांच्या दर्ग्यापाशी. तिथं आरती होते.

चमत्कार बाजूला काढून ही कथा वाचता येते, अनेकांनी तशी वाचली आहे. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या कंठात होते आणि लोकांनीच ते वर काढले. चाकणचे संताजी जगनाडे तेली अभंग लिहून घेत. त्यांच्या घराण्यातल्या वह्या पुढं अभ्यासकांच्या हाती आल्या. हा अर्थ मला मान्य आहे. पण तो तुकोबांच्या बाजूचा झाला. रामेश्वरभट्टांच्या बाजूनं पाहिलं तर मला दाह जास्त खरा वाटतो. विद्वानाला युक्तिवादानं कोण हरवणार? त्यांच्याजवळ प्रत्येक प्रश्नाला शास्त्राधार होता, बीटीजवळ होता तसा. पण एक माणूस नदीकाठी काही न बोलता तेरा दिवस बसून राहतो, याला शास्त्राधार कुठून आणायचा? मोंटागची उलटी आणि रामेश्वरभट्टांचा दाह हे एकाच दुखण्याचे दोन प्रकार आहेत. आधी अंग कबूल करतं, मग तोंड.

प्रभात कंपनीनं १९३६ साली पुण्यात ‘संत तुकाराम’ केला. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा आपल्या आजी-आजोबांना खरे तुकोबाच वाटत. चित्रपटाला खलनायक लागतो, तो सालोमालो झाला: दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपवणारा, शेवटपर्यंत न बदलणारा. लोकांना तोच लक्षात राहिला. बदलणारा माणूस पडद्यावर अवघडच असतो. त्याला शिव्या घालाव्यात तर शेवटी तो पाया पडतो, टाळ्या द्याव्यात तर सुरुवात आठवते.

आता बीटीच्या भाषणाकडे. मोंटाग आजारी पडल्यावर बीटी घरी येऊन बसतो आणि पाइप पेटवून या सगळ्याचा इतिहास सांगतो. तो ऐकताना पुणेकराला कानकोंडं व्हायला होतं. त्याचं सांगणं असं की हे सरकारनं वरून लादलेलं नाही. आधी लोकांनीच पुस्तकं आखूड करून मागितली. मग याला हे टोचतं, त्याला ते टोचतं, म्हणून एकेक काढून टाकत गेले. प्रकाशक घाबरले. शेवटी जाळणाऱ्यांना गणवेश मिळाला, एवढाच सरकारचा वाटा.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकाच्या बाबतीत घटनांचा क्रम आठवून पाहावा. २००३ सालच्या नोव्हेंबरात प्रकाशकानं ते भारतातून मागं घेतलं. डिसेंबरात पुण्यातल्या एका संस्कृत पंडितांच्या तोंडाला काळं फासलं गेलं. ५ जानेवारी २००४ रोजी दीडशेच्या आसपास जमाव लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसला. कपाटं आडवी झाली, पोथ्या विखुरल्या, चित्रं फुटली. संस्थेचा गुन्हा एवढाच की लेखकानं ऋणनिर्देशात तिथल्या लोकांचे आभार मानले होते. सरकारची बंदी आली ती या सगळ्यानंतर, त्याच जानेवारीत. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती उठवली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. पुस्तकात आक्षेपार्ह काही होतं की नव्हतं, याच्या वादात मी इथं शिरत नाही. ज्यांनी ते वाचलं त्यांनी खुशाल चिरफाड करावी, ती कागदावर करता येते. मला क्रम तेवढा दाखवायचा आहे. गणवेश सगळ्यात शेवटी आला.

ज्या इमारतीत हे झालं तिथं महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. १९१९ साली काम सुरू झालं, १९६६ साली १९ खंड पुरे झाले. ज्यांनी आरंभ केला त्यांतले कितीतरी शेवट बघायला नव्हते. पाठभेद जुळवण्याचं काम म्हणजे एकाच श्लोकासाठी काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या शेजारी ठेवायच्या, कोणाचा शब्द कुठं गळला, कोणी कुठं घुसडला ते तपासायचं आणि काहीही फेकायचं नाही. नाकारलेला पाठही तळटीपेत जपायचा. सेन्सॉरच्या कामाचा नेमका उलटा धंदा.

आणि त्याच जानेवारीत आणखी एक गोष्ट घडली, तिनं मला वर्षानुवर्षं छळलं आहे. शिवचरित्राचे व्यासंगी अभ्यासक गजानन मेहेंदळे यांनी या हल्ल्याच्या निषेधार्थ आपल्याच शिवचरित्राच्या हस्तलिखिताची चारशे पानं नष्ट केली. ज्या राजासाठी जमाव आला त्याच राजाच्या चरित्राची पानं, ती लिहिणाऱ्याच्याच हातानं. ब्रॅडबरीची म्हातारी मी या बातमीनंतर पुन्हा वाचली तेव्हा ती काडी मला नीट दिसली. तोवर ती मला नाटकी वाटायची.

त्या जमावात कोणी मोंटाग होता का? वर्तमानपत्रात जमावाचा आकडा येतो. त्यातला एखादा रात्री घरी गेला, हातपाय धुतले, जेवायला बसला आणि घास उतरेना, असं काही झालं असेल तर ते आकड्यात मावत नाही. कादंबरी लागते ती एवढ्यासाठी. मराठीत अशी कादंबरी लिहिली जावी असं मला फार वाटतं. नंदा खरे यांनी ‘उद्या’मध्ये आपल्या पुढ्यात येऊन ठेपलेला काळ मोठ्या ताकदीनं उभा केला, त्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला तो त्यांनी घेतला नाही. पण कपाट आडवं करणाऱ्या हाताच्या आतून लिहिलेली गोष्ट अजून यायची आहे.

पुण्यानं हे हल्लेखोर परके म्हणून झटकू नयेत, म्हणून एक जुनी आठवण. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात झाला आणि १९ प्रयोगांनंतर ते थांबलं. थांबवलं ते सरकारनं नाही, जमावानंही नाही. ज्या संस्थेनं बसवलं तिच्याच अध्यक्षांना ते चालू ठेवणं योग्य वाटेना. तरुण मंडळी बाहेर पडली, थिएटर अकॅडमी निघाली, नाटक पुन्हा उभं राहिलं आणि जगभर फिरलं. सुशिक्षितांची मनाई सभ्य भाषेत येते, ठराव करून येते.

मिल्ड्रेडवर आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. या पुस्तकातला तिसरा लेख त्या भांडणाचाच आहे. लेखिकेचं म्हणणं असं की ब्रॅडबरींनी बदलण्याचा हक्क पुरुषालाच ठेवला. मिल्ड्रेड भिंतीएवढ्या पडद्यांवरच्या मालिकेतल्या माणसांना नातेवाईक समजते, कानात सतत शिंपल्यासारखी इवली आकाशवाणी, आणि शेवटी नवऱ्याची तक्रार करून बॅग घेऊन निघून जाते. पण त्या गोळ्या तिनं का खाल्ल्या, हे लेखक एकदाही तिला विचारत नाही. मोंटागही विचारत नाही. तिच्या मैत्रिणींपुढं तो हट्टानं कविता वाचतो, त्यातली एक ढसाढसा रडते, तेव्हा त्याला विजय झाल्यासारखं वाटतं. एका बाईला रडवून तिला घरी पाठवणं, यात कसला आलाय विजय? मी आधी वाद घातला. आता मला लेखिकेचं बरोबर वाटतं. बदललेल्या माणसाला आपल्या बदलाची इतकी घाई झालेली असते की शेजारचं माणूस बुडतंय हे त्याला दिसत नाही. रामेश्वरभट्टांच्या घरात तेव्हा काय चाललं होतं, हेही महिपती सांगत नाहीत म्हणा.

शेवटाकडे मोंटागला स्वतःचंच घर जाळायला लावतात. तो बीटीलाही जाळतो. हे विसरून चालत नाही: आपला नायक खुनी आहे, आणि ज्या आगीची त्याला किळस आली तीच तो वापरतो. मग यांत्रिक कुत्रा मागं लागतो, भुलीच्या औषधानं एक पाय लाकडासारखा झालेला, आणि तसाच फरफटत तो नदीत उतरतो. अंगावरचे कपडे सोडून फेबरचे जुने कपडे चढवतो आणि पाण्याबरोबर वाहत जातो. देहूला वह्या पाण्यात गेल्या आणि वर आल्या. इथं माणूस जातो.

पलीकडच्या काठाला त्याला आग दिसते. पाच म्हातारे तिच्यावर हात शेकत बसलेले. आग ऊबही देते हे त्याला आयुष्यात ठाऊकच नव्हतं. इंग्रजीत लेखकाला इथं एका शब्दाशी झगडावं लागतं, कारण जाळणारी आणि ऊब देणारी, दोन्हीला तिथं शब्द एकच. आपल्याकडे वणवा वेगळा, होळी वेगळी, चिता वेगळी, आणि शेकोटी वेगळी. मराठी वाचकाला या पानावर शेकोटी हा शब्द आपोआप सुचतो आणि अर्धं काम होऊन जातं.

ते म्हातारे म्हणजे पुस्तकं. प्रत्येकानं एकेक ग्रंथ पाठ केला आहे. रुळांच्या कडेनं हिंडतात, अंगावर कागदाचा कपटा नाही, पकडलं तरी काही सापडत नाही. मोंटागच्या वाट्याला बायबलमधलं ‘उपदेशक’ येतं, तेही तुटक. परदेशी समीक्षक या भागाला सुंदर कल्पना म्हणतात. पुण्यात राहणाऱ्यानं याला कल्पना म्हणू नये. दर आषाढी वारीत ही माणसं आपल्या रस्त्यावरून जातात. संगमवाडीचा पूल, संचेती चौक, फर्ग्युसन रस्ता. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरते, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला. आपण फूटपाथवर केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटत उभे असतो आणि समोरून गाथा चालत जाते. शंकर पांडुरंग पंडितांनी सरकारी खर्चानं गाथा संपादून छापली ती १८७३ साली. त्याआधीची सव्वादोनशे वर्षं ती मुख्यतः अशीच चालत होती, काही वह्यांत आणि बरीचशी कंठात.

बायकांचं तर विचारायलाच नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या बायकांना कोणी लेखिका म्हटलं नव्हतं. त्यांच्या ओव्यांवर बंदी आणावी एवढंही कोणाच्या लक्षात आलं नाही. जातं गेलं, पिठाची गिरणी आली, आणि ओव्या विसरायला सुरुवात झाली. ब्रॅडबरींच्या भीतीत आगीपेक्षा हे विसरणंच जास्त आहे. आपल्याकडे पुस्तकं सहसा जळत नाहीत. फ्लॅट लहान पडतो, आजोबा जातात, आणि रद्दीवाला किलोनं घेऊन जातो.

कादंबरीच्या जन्माची गोष्ट पुढं सविस्तर आली आहे, इथं थोडक्यात. ब्रॅडबरी कॉलेजात गेले नाहीत, ग्रंथालयात शिकले. ही कादंबरीही लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ग्रंथालयाच्या तळघरात, नाणं टाकून चालणाऱ्या भाड्याच्या टंकयंत्रावर लिहिली. अर्ध्या तासाला दहा सेंट, पहिल्या खर्ड्याचा खर्च ९ डॉलर ८० सेंट. आणि तिच्या नशिबी काय आलं? १९६७ पासून प्रकाशकानंच शाळांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि लेखकाला न सांगता पाऊणशे जागी कात्री लावली. काही वर्षं तर बाजारात तीच मिळत होती. १९७९ मध्ये ब्रॅडबरींना हे कळलं आणि मूळ मजकूर परत आला. त्या कात्रीवाल्या संपादकांना कोणी बीटी म्हटलं तर दुखलं असतं. ते मुलांचं भलं करत होते.

शेवटच्या रविवारी कोणीतरी खेळ काढला: समजा उद्या सगळी पुस्तकं गेली, तर तुम्ही कोणतं होणार? एक पान पाठ करून दाखवायचं. एकीनं ‘श्यामची आई’ घेतली, एकानं ‘कोसला’ची सुरुवात, दोघांचं ‘बटाट्याची चाळ’वरून जुंपलं. मी इरावतीबाईंच्या ‘युगान्त’मधली तीन पानं घेतली होती, महिनाभर सकाळी फिरताना घोकली. दीड पानावर गाडी अडली ती पुढं जाईना.

आमच्यातले एक काका एसटीत कंडक्टर होते, खेड तालुक्यातले. गटात ते मुलीच्या आग्रहानं यायचे, फार बोलत नसत. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाले, माझं काही पाठ झालं नाही, वेळ मिळाला नाही. मग कशावरून तरी विषय निघाला आणि कळलं की त्यांना अख्खा हरिपाठ येतो, शिवाय गाथेतले दीड-दोनशे अभंग, वरती तुकोबांची आरती. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत राहिलो. अहो काका, मग मघाशी का नाही सांगितलंत?

ते म्हणाले, “तुम्ही पुस्तक विचारलं होतं. हे काय, येतंच की.”